आप्पा थोऱ्यांची भट्टी

माणसाच्या शर्टाच्या खिशात काय असावं? पेन असावं, चष्मा असावा, फार तर तंबाखूची डबी असावी. आमचे शेजारी आप्पा थोरे यांच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर असतो. शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे आणि पोरांना हात लावू द्यायचे नाहीत, तोच तो. लग्नाला जाताना असतो, मयतीला जाताना असतो, पायजम्यावर दूध आणायला निघाले तरी बंडीच्या खिशात असतो.

एकदा आमच्याकडं सत्यनारायण होता. आप्पा आले, नमस्कार केला, आणि तीर्थ घ्यायच्या आधी वाकून चौरंगाच्या केळीचे खांब मोजायला लागले.

"बसत नाही," म्हणाले.

गुरुजी पोथी वाचता वाचता थांबले. "काय बसत नाही?"

"हा चौथा खांब. बाकीच्या तिघांपेक्षा बारीक आहे."

"देवाला चालतं हो."

"देवाला चालत असेल," आप्पा म्हणाले, आणि प्रसाद घेऊन घरी गेले. तो खांब मला पुढं पूजा उरकेपर्यंत बारीकच दिसत राहिला. असा राग आला होता म्हणून सांगू!

माझी गारखेड्यात पिठाची गिरणी आहे. गिरणीची भिंत आणि आप्पांच्या अंगणाची भिंत एकच, त्यामुळं त्यांचा त्रास मला पहिला. दळण घेऊन आले की चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळणार आणि म्हणणार, "सुमनताई, मागच्यापेक्षा जाड आहे." आता ज्वारी तीच, जातं तेच, मी तीच. मी म्हणायचे, "आप्पा, तुमची बोटं बारीक झाली असतील." ते स्वतःच्या बोटांकडं खरंच बघायचे.

आप्पा वाळूजला एका कारखान्यात होते. तयार झालेला नग मापात आहे की नाही, एवढंच बघायचं त्यांचं काम. बसला तर पुढं, नाही बसला तर लाल पेटीत. सगळी नोकरी ह्यात गेली, आणि घरी आल्यावरही हा माणूस काही कामावरून सुटायचा नाही. सुलूवहिनींच्या भाकरीचा काठ मधल्यापेक्षा जाड असतो, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मोजून सांगितलं होतं म्हणे. वहिनी म्हणाल्या होत्या, "मग काठ ठेवा आणि मधलं खा." आमच्या वहिनी तशा बोलायला कमी, पण बोलल्या की हिशोब चुकता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आप्पांनी एक दिवस माणूसच लाल पेटीत टाकला.

त्यांची एकुलती एक लेक शीतल. लहानपणी ह्या माणसाच्या खांद्यावरून उतरायची नाही. तिनं लग्न ठरवलं संतोषशी. संतोष आप्पांच्याच कारखान्यात मशीनवर. पोरगा मामाला घेऊन, नवा शर्ट घालून, रीतसर विचारायला घरी आला. आप्पांनी चहा पाजला, वडील काय करतात विचारलं. वडील मेंढरं राखतात, पाचोडच्या पुढं वस्तीवर राहतात, असं पोरानं मान वर करून सांगितलं. आप्पा म्हणाले, "तुझा माल मी दोनदा परत केलाय. बसत नाही."

मालाचं निमित्त होतं हो. खरी गोष्ट जातीची होती, अख्ख्या कॉलनीला कळत होतं. आपल्याकडं माणूस मोजायला दुसरी पट्टी असते कुठं? शीतलनं कोर्टात लग्न केलं. आप्पा गेले नाहीत, वहिनींनाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद.

वहिनी मात्र माझ्या गिरणीत यायच्या. हातात शेरभर ज्वारीचा डबा, आणि पदराखाली मोबाईल. गिरणी चालू ठेवायची, म्हणजे पलीकडं आप्पांना ऐकू जाणार नाही, अशी आमची युक्ती. आता गिरणीच्या आवाजात फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. "काय म्हणतीस? उलट्या होतेत? लिंबू चोख गं, लिंबू!" असं वहिनी ओरडायच्या आणि दळणाच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडं बघून हसायच्या. शीतलला दिवस गेलेत, हे कॉलनीला असं कळलं. संतोषला रात्रपाळी असते, वाळूजच्या खोलीवर ती एकटी पडते, म्हणून दिवाळीनंतर त्यानं तिला पाचोडकडं आईवडिलांपाशी नेऊन ठेवलं, तेही असंच कळलं. आप्पांना तेवढं सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. ही काय सांगायची गोष्ट आहे का? ज्याच्या घरी पत्रे गळतात तोसुद्धा लेकीला पहिल्या खेपेला घरी आणतो. वहिनींनी फोनवर किती विनवण्या केल्या. शीतलचं एकच उत्तर. "आप्पांनी स्वतः तोंडानं म्हणावं, ये. एवढंच. मी त्याच पावली येते."

आणि आप्पा? आप्पा अंगणात लोखंड तापवत होते.

त्याचं असं झालं. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या साहेबांनी भाषण केलं, की थोरेंच्या हाताखालून लाखो नग गेले. टाळ्या झाल्या, शाल दिली, नारळ दिला. आप्पा घरी आले आणि शाल खुंटीला अडकवून वहिनींना म्हणाले, "लाखो गेले. पण त्यात मी केलेला एकसुद्धा नव्हता." रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, "मी लोहारकाम शिकणार."

साठीला आलेला माणूस! लोक ह्या वयात गुडघ्याला तेल लावतात.

पहिल्यांदा ते औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत रहीमभाईंकडं गेले. रहीमभाईंची जुनी भट्टी, कुऱ्हाडी-विळ्यांसाठी खेड्यापाड्यांतून लोक येतात. त्यांनी आप्पांना स्टूल दिलं, चहा सांगितला. आप्पांनी चहा पिऊन कॅलिपर काढला आणि मांडून ठेवलेल्या कुऱ्हाडी एकेक करून मोजायला घेतल्या. समोर गिऱ्हाईक उभं. "ही बसत नाही. ही पण बसत नाही. ह्या दोघी एकसारख्या नाहीत." गिऱ्हाइकानं हातातली कुऱ्हाड हळूच खाली ठेवली आणि निघून गेलं.

"अजी साब," रहीमभाई हात जोडून म्हणाले, "तुम सीखने कू आये के छापा मारने कू?"

झालं. तिथलं शिक्षण चहाच्या कपातच संपलं.

मग दिवाळी झाल्यावर आप्पांनी पाचोडच्या आठवडी बाजारात गुरू शोधला. तिथं किसन आणि पारूबाई हे फिरस्तं लोहार जोडपं दर बाजाराला पाल ठोकून बसतं. जमिनीत खड्डा करून भट्टी, ठोकळ्यात रोवलेली ऐरण, आणि भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा. आप्पा दर बाजाराला पहिली एसटी धरून जायचे आणि संध्याकाळी नखशिखांत काळे होऊन यायचे. एकदा मी त्यांना दारात ओळखलंच नाही, "पुढं जा बाबा" म्हणाले. ते म्हणाले, "सुमनताई, मी आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हसू काही आवरेना.

"काय शिकवलं आज?" असं विचारलं की सांगायचे, "पंखा फिरवला."

पुढच्या आठवड्यात? "पंखा."

त्याच्या पुढच्या? "आज पारूबाईंनी खिळा ठोकू दिला." हे सांगताना असा चेहरा, की मुलगा कलेक्टर झालाय.

तेवढ्यावर थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यांनी घरी भट्टी मांडली. ट्रकच्या चाकातला जुना ड्रम आणला, त्याला खालून पाईप जोडला आणि पाईपाला शीतलचं केस वाळवायचं मशीन. वर दगडी कोळसा. पहिल्या दिवशी तो कोळसा पेटेना, पेटला तेव्हा असा धूर झाला की विचारू नका. समोरच्या देशपांडेबाईंनी गच्चीवर उडदाचे पापड घातले होते, ते काळ्या मिऱ्याचे झाले. माझ्या गिरणीत गव्हाचं पीठ बाजरीच्या रंगाचं निघायला लागलं. मी भिंतीवरून ओरडले, "आप्पा, आता मोजा की पीठ! आता बसतंय का बघा!" पलीकडून नुसतं खोकणं ऐकू आलं. त्यात ते केसांचं मशीन वितळून गेलं, आणि पारूबाईंच्या सांगण्यावरून आप्पा लाकडी कोळशावर आले तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

बरं, काम तरी जमावं? नाही. आप्पा खिळा ठोकायचे, गार करायचे, मोजायचे, आणि शेवग्याच्या झाडाखाली फेकायचे. कडी ठोकली, फेकली. चिमटा केला, फेकला. स्वतःच करायचं आणि स्वतःच नापास करायचं, असा खाक्या. झाडाखाली हा ढीग साचला. त्यातली एक कडी मला बरी वाटली म्हणून मी गिरणीच्या झाकणाला लावली, तर दुसऱ्या दिवशी आप्पा पकड घेऊन हजर. "नापास माल बाहेर जाऊ द्यायचा नसतो, सुमनताई." काढून नेली! मी हात टेकले.

एकदा मात्र मी विचारलं, "एवढं कशाला हो जिवाला लावून घेता? एखादी वस्तू वाकडी झाली तर काय बिघडलं?"

त्यांनी हातातला चिमटाही ढिगावर फेकला. "वाकडी झालेली चालतंय, असं मी आजवर कुणालाच म्हटलं नाही," म्हणाले. "आता स्वतःला कसं म्हणू?"

मग त्यांनी विळा करायचं मनावर घेतलं. ट्रकच्या स्प्रिंगचा, म्हणजे कमानीचा, पोलादी पाटा आणला, बोटाएवढा जाड. असला पाटा एकट्याच्या हातोड्याला दाद देत नाही. एकानं सांडशीत धरायचा आणि दुसऱ्यानं घण घालायचा. पाचोडला किसन धरतो आणि घण पारूबाई घालते, त्यांच्यात ते काम बायकांचंच असतं. इथं घण कोण घालणार? देशपांडे म्हणाले, माझी कंबर. आमच्या ह्यांना विचारलं तर हे गिरणीत येऊन पट्टा बघायला लागले, जो पट्टा ह्यांनी जन्मात बघितला नव्हता.

"आणा इकडं," सुलूवहिनी म्हणाल्या. पदर खोचला आणि घण उचलला.

मी चाळणी टाकून भिंतीपाशी आले. अशी संधी सोडायची नसते.

आप्पांनी आधी नियम समजावला. "मी लहान हातोड्यानं लोखंडावर जिथं टिचकी मारीन, तिथंच घण घालायचा. आणि मी ऐरणीवर नुसतं टण् केलं की थांबायचं. सगळीकडचे लोहार असंच करतात. मध्ये बोलायचं नाही."

आता ह्या माणसाला आयुष्यभराची खोड, की कुठलीही वस्तू हाताशी आली की टणटण वाजवून बघायची, चीर बीर आहे का म्हणून. पाटा लाल होऊन आला, आप्पांनी टिचकी मारली, वहिनींनी घण उचलला, तेवढ्यात आप्पांनी सवयीनं ऐरण वाजवली. टण्! वहिनी घण डोक्यावर धरून थांबल्या.

"हाणू का थांबू?"

"हाण, हाण!"

परत टिचकी, परत घण वर, परत टण्. पाटा काळा पडला. तिसऱ्यांदा असंच झालं तेव्हा वहिनींनी घण खाली टेकवला. "अहो, तीस वर्षं हेच चाललंय. एकदा काय ते नक्की सांगा!"

मी भिंतीमागं पदर तोंडात कोंबून बसले होते. पण चार दिवसांत त्यांचं जमलं. टिचकी, घण, टिचकी, घण, असा ताल लागायला लागला. कॉलनीला वाटलं, काय गुण्यागोविंदानं चाललंय म्हातारा-म्हातारीचं.

आणि एका सकाळी वहिनींनी घणाबरोबर तोंड उघडलं.

"पोरीला," धाड! "सातवा," धाड! "लागलाय."

आप्पांनी मान वर केली नाही. पाट्यावर पुढची जागा दाखवली.

"परक्याच्या," धाड! "दारात," धाड! "बाळंत होईल ती. आई असून," धाड! "मेल्यागत!"

आप्पांनी पुढची जागा दाखवली.

"एक शब्द. एक 'ये' म्हणायचं," धाड! "म्हणणार का नाय? का तुमच्या मापात," धाड! "नातवंडबी बसायचं नाय?"

एकदा ऐरणीवर टण् केलं असतं, तर वहिनींना थांबावं लागलं असतं. नियम त्यांचाच होता. त्यांनी केलं नाही. खाली मान घालून टिचक्या मारत राहिले आणि वहिनी घण घालत राहिल्या. घामानं, रडण्यानं त्यांचा चेहरा भिजला होता. पाटा काळा पडल्यावरच त्या थांबल्या.

"गार झालं," आप्पा म्हणाले. सांडशी ठेवली आणि आत जाऊन हात धुतले. बस्स.

मला असा संताप आला! वाटलं, तो पाटा उचलून ह्यांच्याच डोक्यात घालावा. वहिनी घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून बसल्या होत्या. मी भिंतीवरून पाणी दिलं. घोट घेतला आणि म्हणाल्या, "सुमन, आता ह्यांच्या हो-ची वाट बघत बसले तर नातू शाळेत जाईल. बाजाराच्या दिवशी हे गेले की आपण मागच्या गाडीनं निघू. सरळ वस्तीवर जाऊ. मी पोरीच्या पाया पडीन, पण तिला घेऊन येईन."

"आणि आप्पा?"

"राहतील आपल्या झाडाखालच्या ढिगाजवळ," वहिनी म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी मी गिरणी बंद ठेवली, आणि आम्ही निघालो. पाचोडला उतरलो तर बाजार भरात. कांद्याचे ढीग, मिरचीची पोती, कोंबड्या, कपड्यांची पालं. वस्तीकडं जाणारी जीप भरायला वेळ होता. वहिनी म्हणाल्या, "लांबून एकदा बघू तरी, हे कुठं बसतात ते." राग राग असतो, पण बाई ती बाईच.

ठणठणाटावरून पाल सापडलं. किसन कुणाच्या तरी कुऱ्हाडीचं झिजलेलं पातं ठोकून शेवटत होता. पारूबाई, ठसठशीत कुंकू, मनगटात कडी, घणाला टेकून सुपारी कातरत होती. आप्पा नव्हते.

"काय पाजवायचं हाय का, बाई?" तिनं विचारलं.

वहिनींनी मला कोपरानं ढोसलं. मीच म्हणाले, "नाही, ते एक शहरातले गृहस्थ येतात ना शिकायला..."

पारूबाई खळखळून हसली. "आप्पा व्हय? कोळशाचं पोतं आणाया धाडलंय त्येंना. तुमी त्येंच्या वळखीच्या? मंग सांगा की त्येंना, लोखंड लई महाग झालंय म्हणावं! दर बाजाराला आमचं लोखंड जाळतेत."

"म्हणजे?"

"आवं, पंखा फिरवायला बसवलं, की लोखंड लाल झालं, पिवळं झालं की थांबावं. ह्ये थांबतच नायत! ती पोटुशी पोरगी बाजारात दिसली, की ह्येंचं ध्यान तिकडं अन् हात पंख्यावर. गरगर गरगर! हितं लोखंड पांढरं फटक होऊन ठिणग्या उडाया लागतेत, जळून राख. किसन वरडतो, तरी ह्येंना ऐकू जात नाय."

वहिनींनी माझा हात धरला.

"कोण पोरगी?" मी विचारलं.

"हाय की, म्होरल्या वस्तीवरली, मेंढरवाल्यांची सून. दिवाळीपासून सासूसंगं बाजाराला येती. ह्ये बी तवापासूनच येतेत." तिनं सुपारी तोंडात टाकली. "पयल्या डावाला ती इळा पाजवायला आली, तर ह्ये उपरणं तोंडावर वढून पंख्याआड दडले. तिनं बघितलं. लई येळ बघितलं. काय बोलली नाय. इळा घेतला अन् गेली. आन् फुडल्या बाजाराला परत त्योच इळा घिऊन हजर!"

"त्याच विळ्याला परत धार?"

"आवं, धार जशीच्या तशी! म्या म्हणलं, कामून आणलास गं? तर म्हणती, बोथट झालाय. तवाधरनं दर बाजाराला त्योच इळा. ही नाव घेत नाय, त्यो मान वर करत नाय. ती हुभी ऱ्हाती, त्यो पंखा फिरवतो, अन् आमी पाजवलेला इळा परत पाजवतो." पारूबाईचा आवाज जरा खाली आला. "आमाला काय कळत नाय व्हय, बाई? दोघांचं नाक बघा की. एकाच साच्यातलं हाय."

वहिनी तिथंच एका पोत्यावर बसल्या. माझी ट्यूब तेव्हा पेटली. गिरणीच्या आवाजावरून ओरडून बोललेलं सगळ्या कॉलनीला ऐकू जात होतं, तर एका भिंतीपलीकडच्या माणसाला जाणार नाही होय? उलट्या, लिंबू, पाचोड, वस्ती, सगळं त्यांनी पहिल्यापासून ऐकलं होतं. आणि एक अक्षर न बोलता पहिली एसटी धरली होती. मी त्यांना मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या, आणि हा माणूस तोंडाला काळं फासून बाजारात लेकीची वाट बघत बसत होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तेवढ्यात आप्पा आले. पाठीवर कोळशाचं पोतं, डोक्याला उपरणं. आम्ही दोघी पालाच्या मागं सरकलो. त्यांनी पोतं टाकलं, पंख्यापाशी बसले, आणि रस्त्याकडं बघायला लागले. किसननं एक तुकडा भट्टीत घातला. पंखा सावकाश फिरत होता. मग एकदम जोरात फिरायला लागला, आणि वहिनी पुटपुटल्या, "आली."

शीतलच होती. पोट चांगलंच दिसत होतं, चालताना एक हात कमरेवर. बरोबर सासू, हातभर हिरव्या बांगड्या घातलेली काटक म्हातारी. भट्टीतून ठिणग्या उडाल्या, किसन "ए आप्पा!" म्हणून ओरडला. शीतलनं पिशवीतून विळा काढून पारूबाईपुढं धरला.

पारूबाईनं तो घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि आप्पांकडं मान उडवली. "आज त्येंना दी. त्ये बघतेल."

शीतल जागेवरच उभी राहिली. मग हळूहळू वळली आणि विळा आप्पांपुढं धरला. त्यांना घ्यावाच लागला. पातं इतकं झिजलं होतं, की विळा कसला, वाकवलेली सळई म्हणा. आप्पांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला. बाजाराचा एवढा गलका, पण मला तो काहीच ऐकू येत नव्हता.

"ह्याला आता धार लागायची नाय," आप्पा विळ्याकडंच बघत म्हणाले. आवाज घोगरा, बोली गावाकडची. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. "पातंच ऱ्हायलं नाय, बाळ."

"मग?" शीतल म्हणाली.

"नवाच करावा लागंल. हितं नाय व्हायचा. घरी, आपल्या भट्टीवर..." ते अडले. उपरण्यानं तोंड पुसायला गेले आणि काजळी आणखीच फासली गेली. मग मान वर केली आणि लेकीकडं सरळ बघितलं. "ये. घरी ये, शीतल."

वहिनी धावल्या. मी धरलं नाही.

"न्या हो, व्याही," सासू म्हणाली. "दर बाजाराला धार लावून लावून आमच्या घरात कोकराला चारा कापायला इळा नाय ऱ्हायला. संतोषला मी सांगते."

शीतलनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं, पण नजर बापावर होती. नाक ओढत म्हणाली, "किती दिवस लागतील, आप्पा? विळ्याला?"

आप्पांनी विचार केला. खरंच केला.

"मला अजून नीट येत नाय गं," ते म्हणाले. "लई चुका होतेत माझ्या. बाळ रांगायला लागेस्तोवर तरी लागंल."

"लागू द्या," शीतल म्हणाली.